हाडाचा कॅन्सर झालेल्या पोरांचं पुढे काय झालं, हे कोण बघतं? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या मुलांना परत चालायला शिकवते. आज तुमच्याकडे पैसे मागायला लिहीत नाहीये, वेळ मागायला लिहितेय, जो या पोरांचा आपल्या सगळ्यांच्या हातून फुकट जातो.

हा आजार तसा कमी, सगळ्या कॅन्सरमध्ये एक टक्काही नाही, म्हणून कुठल्या भाषणात येत नाही. पण होतो कुणाला ते बघा ना. ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा हे हाडाच्या कॅन्सरचे दोन प्रकार, दोन्ही जास्त करून 10 ते 20 वयात, आणि ऑस्टिओसार्कोमा तर बहुतेक वेळा गुडघ्याच्याच आसपास. आठवी-नववीतलं पोरगं गुडघा दुखतोय म्हणालं की घरचे म्हणतात खेळताना लागलं असेल, वाढीचं वय आहे, मग बाम, मग मालिश, मग पेनकिलर, मग हाडवैद्य, आणि असेच महिने निघून जातात. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, आराम करूनही न थांबणारं, आणि वाढत जाणारी सूज, एवढं दिसलं तरी एक्सरे काढायला हवा. साधा एक्सरे हो! मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला कडा विस्कटलेली, बाजूने नवीन हाड किरणांसारखं फुटलेलं, असं बऱ्याचदा त्यात दिसतं, आणि संशय यायला तेवढं पुरतं.

1970 च्या आधी नुसता पाय कापायचे आणि तरी पाचातले जवळपास चार जण जायचे, कारण तोवर आजार फुप्फुसात गेलेला असायचा. केमो आली आणि चित्र पालटलं. पसरायच्या आधी नीट उपचार मिळाले तर आज 60 ते 70 टक्के पेशंट पाच वर्षांच्या पुढे जातात, आणि बहुतेकांचा पायही वाचतो, आजारी हाड काढून आत धातूचा सांधा बसवतात. फुप्फुसात गाठी घेऊनच जे येतात त्यांच्यात हाच आकडा 20-30 टक्क्यांवर येतो.

अजून एक गोष्ट, जी मला रात्री झोपू देत नाही. बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं. एक मुलगी आली होती, मांडीवर आडवा टाका, कुठेतरी साधी गाठ समजून कापलेली. बायोप्सीची सुई किंवा चीर जिथून गेली तो सगळा मार्ग पुढच्या ऑपरेशनमध्ये काढावा लागतो, चीर चुकली की वाचू शकणारा पाय जातो. तिचा गेला. म्हणून बायोप्सी तिथेच व्हावी जिथे पुढचं ऑपरेशन होणार, हा नियम कागदावर यायला काय हरकत आहे?

आपल्याकडे हुशारी कमी नाही. मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध हाय डोसमध्ये द्यायचं तर रक्तातली लेव्हल सतत तपासावी लागते, ती सोय सगळीकडे नाही, म्हणून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ते औषध वगळून उपचाराचा स्वतःचा प्रोटोकॉल बसवला आणि चांगले रिझल्ट आणले. 2018 पासून आयुष्मान भारतमध्ये पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं कव्हर आहे, कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं असलेलं नॅशनल कॅन्सर ग्रिड 2012 पासून आहे. म्हणजे पुढचा रस्ता बऱ्यापैकी बांधलेला आहे, पोरगं त्या रस्त्यावर येतच नाही वेळेत.

आणि कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सरच्या केसची नोंदवही? आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 1981-82 साली सुरू केली, मोलाचं काम आहे, पण एखाद्या भागातल्या सगळ्या केस नोंदणाऱ्या, लोकसंख्येवर आधारलेल्या रजिस्ट्रीत अजून देशाचा लहानसाच भाग येतो. आणि नुसती केस मोजून काय होणार? पहिलं दुखणं कधी, पहिला एक्सरे कधी, केमो अर्ध्यात सोडली का, पाच वर्षांनी पोरगं जिवंत आहे का, पाय आहे का, हे प्रत्येक केसला लिहून ठेवायला सांगा. आजार कमी आहे म्हणूनच हे शक्य आहे, संख्या आवाक्यातली आहे.

तर मागणं एवढंच: प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सूचना काढा की मुलाचं हाड-सांध्याचं दुखणं दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही तर एक्सरे, संशय आला तर तिथे काहीही न कापता एक्सरेचा फोटो सरळ ग्रिडमधल्या सेंटरला, आणि उत्तर किती दिवसांत द्यायचं तेही ठरवून टाका. सुरुवात कुठल्याही एका राज्यापासून करा, हाताखाली माणसं लागली तर आमच्यासारखे बरेच जण यायला तयार आहेत.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट