पूर्वतयारीच्या वर्गाविषयी, दत्तूस

नाशिक,
२३ ऑगस्ट

प्रिय दत्तू,

स. न. वि. वि.

पुढच्या सत्रापासून पदवीच्या अभ्यासाआधीचा पूर्वतयारीचा वर्ग तुझ्या गळ्यात पडलाय हे कळलं. 'तू काय शिकवतोस ते चार ओळींत टाक' असंही तू लिहिलंयस. चार ओळींत मावण्यातलं असतं तर कॉलेजांनी असे वर्ग काढलेच नसते. शिवाय फोनवर अंगठ्याने टाइप करत बसायचा मला कंटाळा. तेव्हा आता हे वाच निवांत.

आधी पोरांविषयी. नाशकात पूर्वतयारी म्हटलं की लोकांना पहिल्यांदा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठच आठवतं. १९८९ साली ते इथे सुरू झालं आणि बारावी न झालेल्यांनाही पदवीपर्यंत जाता यावं म्हणून त्यांनी पूर्वतयारीची वाट काढली. आमचा वर्ग त्यांचा नव्हे, कॉलेजने आपल्यापुरता काढलेला, पण येणारी माणसं बरीचशी तशीच. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे, दिंडोरी-निफाड-चांदवडकडून एसटीने येणारी मुलं-मुली, लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या बायका, आणि बारावी होऊनही पदवीची पुस्तकं हातात घेतल्यावर घाबरलेले. रात्रपाळी करून आलेला एक जण पहिल्या बाकावर बसून डुलक्या काढतो. मी त्याला उठवत नाही.

तू समजशील की यांना वाचता येत नाही. येतं की! खडाखडा वाचतात. उतारा पुढे ठेवला आणि खाली प्रश्न दिले की प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकतात, त्याच्या आजूबाजूची दोन वाक्यं उचलतात आणि उत्तर तयार. दहावीपर्यंत आपण सगळ्यांनी हेच केलं आणि त्याला मार्कही मिळाले. गंमत बघायची असेल तर प्रश्न न देता उतारा दे आणि विचार, 'या माणसाचं म्हणणं काय?' वर्ग गप्प. मग कुणीतरी हळूच पहिलं वाक्य वाचून दाखवतं.

म्हणून माझ्या वर्गात एकच मुख्य गोष्ट आहे: गोषवारा. बाकी टिपणं, मुद्देसूद लिखाण, संदर्भ देणं हे सगळं त्याच्याच पोटातून निघतं असं माझं ठाम मत झालंय. आमच्या विभागातले दोघे-तिघे यावर माझ्याशी भांडतात. त्यांना आधी शुद्धलेखन हवंय. र्‍हस्व-दीर्घ सुधारायला माझी हरकत नाही, पण जे वाक्य लिहिणाऱ्याचं स्वतःचं नाहीच त्याची वेलांटी सुधारून काय मिळवायचं?

आता करायचं कसं ते सांगतो. उतारा दोन पानांचा, जास्त नाही. वाचण्याआधी लेखक कोण, साल कुठलं, कुणासाठी लिहिलंय, शीर्षकं-उपशीर्षकं काय आहेत ते पाहायचं, आणि 'यात मला काय मिळेल?' असा एक प्रश्न समासात लिहायचा. मग वाचायचं. मग कागद पालथा. पालथा म्हणजे खरंच पालथा, मी हिंडून बघतो. आणि आठवतं ते पाच-सहा वाक्यांत आपल्या भाषेत उतरवायचं. त्यानंतर कागद सुलटा करून ताडून पाहायचं: काय सुटलं, काय उलटं लिहिलं, आणि लेखक म्हणालाच नाही असं काय आपण घुसडलं. शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त सापडतो.

ही काही माझी अक्कल नाही. आधी पाहणी, मग प्रश्न, मग वाचन, मग आठवून सांगणं, मग उजळणी ही पद्धत फ्रान्सिस रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मांडली. कागद पालथा करण्याला तर प्रयोगाचा आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. मी हे वर्गात सांगतो, कारण आमच्याकडे हायलायटरचं वेड आहे. अख्खं पान पिवळं करतात आणि अभ्यास झाला म्हणतात. 'परीक्षा पाच मिनिटांनी असेल तर रंगवा' म्हटलं की हसतात, आणि मग थोडे कमी रंगवतात.

उतारे निवडताना मात्र डोकं लाव. मी फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, दिलेलं निवेदन घेतो. मूळ इंग्रजीतलं एक पान आणि सोबत त्याचं मराठी. मागणी स्पष्ट आहे: प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, सक्तीचं करा. कारणही स्पष्ट आहे: सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. मागणी कुठली, कारण कुठलं, पुरावा कुठला हे तीन रंगांत दाखवा म्हटलं की पोरं बरोबर दाखवतात, कारण इथे गोलमाल काही नाही. पण यंदा एका मुलीने मला न सुचलेली गोष्ट दाखवली. फुले सुरुवातीलाच सांगतात की शिक्षणाच्या बाबतीतला आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे. ती म्हणाली, 'सर, एवढा मोठा माणूस आणि आधी स्वतःची हद्द सांगतो. आम्ही तर एकदम भारतापासूनच सुरुवात करतो.'

खरंच आहे रे. 'भारत हा कृषिप्रधान देश आहे', 'प्राचीन काळापासून', 'आजच्या धकाधकीच्या जीवनात'. या तीन वाक्यांवर मी वर्गात बंदी घातलीये. फळ्याच्या कोपऱ्यात ती वर्षभर लिहिलेली असतात. बंदी घातल्यावर दोन-तीन शनिवार पोरांना सुरुवातच सुचत नाही, आणि ते बरं असतं.

बंदीवरून आठवलं. लिहायला मी कांदा देतो. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. आधी मुदत ३१ मार्च २०२४ होती, मग ती वाढली. शेवटी ४ मे २०२४ ला उठवली तेव्हा टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क. आमच्याकडे या विषयावर प्रत्येकाकडे मत आहे, त्यामुळे वर्ग जागा असतो (रात्रपाळीवालासुद्धा).

चांदवडकडच्या एका मुलीचा पहिला कच्चा मसुदा माझ्याकडे आहे. पहिलं वाक्य मी बंदी घातलेल्या तिघांपैकीच. दुसरं, कांदा हे नगदी पीक आहे. तिसरं, सरकारने बळीराजावर घोर अन्याय केला आहे. पुढे पानभर अन्याय, आक्रोश, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, 'आधी सरकारचं म्हणणं लिही. असं लिही की मुंबईत कांदा विकत घेणारी बाई वाचून म्हणेल, हो, हेच माझं म्हणणं.' तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. 'आमच्या घरात काय झालं ते तुम्हाला माहीत नाही सर, आणि मी त्यांची बाजू लिहू?' मी म्हटलं, बाजू घेऊ नकोस, लिही फक्त. चिडून लिहिलं तिने. खरिपाचं उत्पादन कमी येणार, देशात तुटवडा पडला तर भाव चढणार, आधी इथली गरज भागावी म्हणून बाहेर जाणारा माल थांबवला. चार वाक्यं, स्वच्छ.

मग विचारलं, आता याला तुझं उत्तर काय? ती सहज बोलून गेली, 'पण सर, डिसेंबरात येतो तो लाल कांदा. तो टिकत नाही. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत साठवून ठेवला असता आणि वाट बघितली असती. लाल कांदा काढला की बाजार समितीत न्यावाच लागतो, मिळेल त्या भावाला.'

दत्तू, या एका मुद्द्यात तिचं सगळं म्हणणं होतं आणि मसुद्यात त्याचा पत्ता नव्हता! मी विचारलं, हे का नाही लिहिलंस? तर म्हणे, 'हे तर सगळ्यांना माहीत असतं.' सगळ्यांना म्हणजे चांदवडला. त्या मुंबईच्या बाईला लाल आणि उन्हाळ यातला फरक कुठून माहीत असणार? आपल्याला जे हाताने माहीत आहे ते लिहिण्याजोगं नसतं, निबंध म्हणजे अलंकारिक काहीतरी, हे शाळेने इतकं पक्कं बसवलंय की ते काढायलाच अर्धं वर्ष जातं. तिचा दुसरा मसुदा लाल कांद्यापासूनच सुरू झाला. आक्रोश गेला, राग राहिला, आणि तो जास्त लागतो.

समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडल्याशिवाय आपलं उत्तर सापडत नाही, हे मी व्याख्यान देऊन सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. आणि समोरच्याचं म्हणणं मांडणं म्हणजे पुन्हा गोषवाराच की.

उचलेगिरीबद्दल तू विचारलंयस. विकिपीडिया उतरवून आणतात, हल्ली एआयकडून लिहूनही आणतात. ओळखायला कष्ट पडत नाहीत: जो वर्गात दोन ओळी रडतखडत लिहितो त्याच्या घरच्या वहीत अचानक 'बहुआयामी' शब्द येतो. मी ओरडत नाही. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं की शाळेत शाबासकी मिळत होती, त्याच कामाला इथे आपण चोरी म्हणतो, हा बदल त्यांना कुणी समजावूनच सांगितलेला नसतो. 'अमक्यांच्या मते' असं लिहून पुढे गोषवारा द्यायचा, हूबेहूब घेतलं तर अवतरणचिन्हात, आणि कुठून घेतलं ते शेवटी. महत्त्वाचं लिखाण मात्र वर्गातच, हाताने. मोबाइल टेबलावर रांगेत.

इंग्रजी पुस्तकांचं दुखणं वेगळं. अर्थशास्त्राचं एक वाक्य साडेतीन ओळींचं असतं. पोरं पहिल्या अवघड शब्दाला अडखळतात, मोबाइलवर अर्थ बघतात, तोवर वाक्याचं तोंड विसरतात. त्यांना सांगतो, आधी क्रियापद शोधा, मग कर्ता, बाकीचं तूर्त पेन्सिलीने कंसात टाका. मराठीत क्रियापद शेवटी असतं म्हणून आपले डोळे वाक्याच्या टोकाला धावतात, इंग्रजीत ते मध्येच कुठेतरी लपलेलं. एवढ्यानेही बरीच भीती जाते. विषयाची प्राथमिक ओळख हवी असेल तर आधी मराठी विश्वकोशातली नोंद वाचायला लावतो. तो आता इंटरनेटवर फुकट आहे. मग इंग्रजी प्रकरण. उलट क्रमाने केलं तर हाल.

सार्वजनिक वाचनालयात एकदा सगळ्यांना नेतो. १८४० पासूनची संस्था आहे. त्याचा अभ्यासाला थेट उपयोग फारसा नाही, पण पुस्तकं हाताळायला मिळतात, आणि काही जण तिथेच सभासद होतात.

तुझ्याकडे कांदा चालणार नाही. सांगलीत ऊस घे. गाळपाला ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव) द्यायची हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे. तो नियम वाचायला दे, कारखान्याची अडचण आधी लिहून घे आणि मग शेतकऱ्याची. कारखान्यात कामाला असलेल्याचं पोरगं वर्गात असेल तर सोन्याहून पिवळं. गट लहान ठेव, तपासायचं ओझं फार होतं. दर आठवड्याला सगळ्यांचं सगळं तपासू नकोस. प्रत्येक कागदावर एकच शेरा लिही, तो पुढच्या कागदात सुधारलाय का तेवढंच बघ. प्राचार्यांनी पाठ्यपुस्तक नेमायला सांगितलं तर गोड बोलून टाळ.

फुल्यांच्या उताऱ्याच्या आणि त्या मुलीच्या दोन्ही मसुद्यांच्या झेरॉक्स सोबत आहेत. तिची परवानगी घेतलीये, नाव झाकलंय. त्याच्या बदल्यात मला दिवाळीपूर्वी एक चांगला उतारा पाठव, यंत्रांवरचा किंवा कामगार कायद्यावरचा, दोन पानांच्या आतला. एमआयडीसीतली पोरं आता मला तोंडावर म्हणतात, 'सर, कांदा पुरे.'

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या