पाणथरी गेलेल्या लेकरांना न्यूमोकोकसची लस द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात मी विज्ञान शिकवतो. माझा भाचा सिकलसेलचा, एसएस पॅटर्नचा; म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही हा रक्ताचा दोष आलेला. जन्म २०१७चा. मागच्या रोवणीच्या दिवसांत सकाळी त्याचं अंग तापलं आणि रात्री पोरगा ओळख दाखवेना. रक्तात न्यूमोकोकस शिरला होता. जिल्ह्याला नेला म्हणून वाचला.

हा जंतू अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं वेष्टण घेऊन येतो. पांढऱ्या पेशींची पकड त्यावरून निसटते. प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, चिकटली तरच त्या पेशी जंतूला गिळतात. अशी शंभराहून जास्त वेष्टणं माहीत आहेत आणि प्रतिपिंडं भारी चोखंदळ. ६ए आणि ६बी या दोन प्रकारांच्या साखळीत एकच सांधा वेगळा; तिथे ६बीची प्रतिपिंडं ६एलाही बऱ्यापैकी धरतात. १९एफ आणि १९एमध्येही फरक तेवढाच, पण १९एफची प्रतिपिंडं १९एपुढे फारशी चालत नाहीत. पुण्यात बनणाऱ्या लशीत दहा प्रकार आहेत, त्यात ६ए आणि १९ए दोन्ही घेतलेत, याचा मला मनापासून आनंद आहे.

या साखळ्यांशी पहिली झुंज देतात ती आयजीएम प्रतिपिंडं. त्यांचा एकेक हात दुबळा, पण हात दहा. साखळीत तोच तुकडा पुन्हापुन्हा येतो, म्हणून अनेक हात एकदम लागले की पकड सुटत नाही. ही प्रतिपिंडं घडवणाऱ्या पेशींचं मुख्य घर म्हणजे पाणथरी, म्हणजेच प्लीहा. रक्तातले जंतू गाळून काढते तीही पाणथरीच. आणि सिकलसेलमध्ये वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी तिच्याच बारीक वाहिन्या तुंबवतात. बहुतेक एसएस लेकरांची पाणथरी पहिल्या पाच वर्षांतच निकामी होते.

लशीत ही साखळी प्रथिनाला जोडून दिली, की टी पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी मदतीला येतात आणि शरीर जंतू लक्षात ठेवतं. तशीच जोडलेली लस २०२१ पासून देशभर बाळांना सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशी मोफत मिळते. भाच्याच्या जन्माच्या वेळी ती आमच्याकडे नव्हती. आता विचारलं तर सांगतात, वय गेलं. खासगीत एका डोसला काही हजार लागतात. माझी बहीण धानाच्या बांधीत मजुरी करते.

साहेब, आशाताईंच्या वहीत आमच्या गावांतली एसएस लेकरं नावानिशी आहेत. २०२१ आधी जन्मलेल्या अशा प्रत्येकाला आधी ही जोडलेली लस आणि नंतर तेवीस प्रकारांची लस उपकेंद्रात मोफत द्या. पाच वर्षांखालच्यांना रोजची पेनिसिलिन खंड न पडता मिळू द्या. येत्या रोवणीआधी आदेश निघाला, तर वही घेऊन गावोगाव फिरायला मी स्वतः येईन.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
ता. कुरखेडा, जि. गडचिरोली