शनिवारचे पशुधन प्रात्यक्षिक: सकाळी ६ वाजता, गोठ्यावर

दुसऱ्या वर्षाच्या मित्रमैत्रिणींनो,

शनिवारी धारेच्या आधी महाविद्यालयाच्या गोठ्यावर हजर राहा. देवणी या गाईच्या जातीचे वानेरा, बालंक्या, शेवेरा हे प्रकार ओळखायचे आहेत (पूर्ण पांढरी ती बालंक्या) आणि फितीने वजन काढायचे आहे. सूत्र पाठ हवे: छातीचा घेर × घेर × लांबी, सगळे इंचात, भागिले ६६०, उत्तर किलोत.

- गमबूट, अ‍ॅप्रन, फीत स्वतःची आणा.
- गावी गुरांना लाळ्या-खुरकूत (संसर्गजन्य रोग) असेल, तर तिकडचे कपडे-चपला गोठ्यात नकोतच. विषाणू बुटाच्या चिखलातूनही येतो.

मोबाइल सायलेंट ठेवा, कळकळीची विनंती. गाय बुजली की पान्हा चोरते, म्हणजे दूध अडवून धरते. नुकत्याच व्यालेल्या गाईजवळ मागून जाऊ नका. तिला दिसेल असे, हळू आवाज देत जा.

– वर्ग प्रतिनिधी