कुलूप निरोपांना की आपल्याला?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाक्या धुवायच्या असल्या की पूर्वी जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहीत. आता सूचना येते ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरच. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने गोपनीयतेच्या नव्या अटी पुढे केल्या, तेव्हा मी तावातावाने ते काढून सिग्नल हे निरोपांचंच दुसरं अ‍ॅप घेतलं. शाळेतले सात-आठ मित्रही आले. पंधरा दिवसांत एका सकाळी अंगाला साबण लागलेला असतानाच नळ कोरडा पडला. सेक्रेटरी म्हणाले, "काका, ग्रुपवर टाकलं होतं की!" त्याच संध्याकाळी मी परतलो. मित्र माझ्याआधीच परतले होते.

"मेसेज एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे पाठवणारा-घेणारा सोडून कोणाला वाचता येत नाहीत, मग भीती कसली?" असं मुलगा विचारतो. २०१६ पासून ते आहेत खरे, आणि कुलूप सिग्नलच्याच बनावटीचं, म्हणजे पक्कं. पण पाकीट बंद असलं तरी वरचा पत्ता पोस्टमनला दिसतोच. कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोलतो हे कंपनीला कळू शकतं. शिवाय बॅकअपला, म्हणजे मेसेजच्या साठवलेल्या प्रतीला, कुलूप लावायचं तर सेटिंग वेगळी चालू करावी लागते. मला हे परवा कळलं.

त्या अटींवरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. छान झालं. पण दंडाने माझी सुटका होत नाही. मोबाइलचं बघा: २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, आणि सिम कुठलंही असो, माझा फोन तुमच्याकडे वाजतो. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने साधारण हेच मेसेजिंगला लावलं आहे. छोट्या अ‍ॅपने मागणी केली तर व्हॉट्सअ‍ॅपने त्याच्याशी निरोपांची देवाणघेवाण खुली करायची, तीही एन्क्रिप्शन न मोडता. काम सोपं नाही. खुद्द सिग्नललाच त्यात रस नाही. तरी दार किलकिलं झालंय.

आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत सरकारने मागितलं काय, तर मेसेज मुळात कोणी पाठवला ते शोधून देण्याची सोय! म्हणजे निरोपाचं कुलूप सैल करायचं, आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अडकवणारं मात्र तसंच राहू द्यायचं. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, निदान या देवाणघेवाणीवर लोकांची मतं तरी मागवावीत.

फळ्यासाठी खडूचा डबा मी स्वखर्चाने आणून दिला आहे. सेक्रेटरींनी तो अजून उघडलेला नाही.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)