भंतेजींचं ताट बाराच्या आत वाढा

मा. संपादक,
स. न.

बुद्धपौर्णिमेच्या बातम्या तुमच्या अंकात वाचल्या. आमच्या विहाराचीही बातमी आली, फोटोसकट. फोटोत प्रमुख पाहुणे आहेत, त्यांच्या गळ्यातला हार आहे आणि कडेला भंतेजींचा, म्हणजे आमच्या बौद्ध भिक्खूंचा, अर्धा खांदा आहे. 'भंतेजींनी उपस्थितांना मार्गदर्शन केले' असं शेवटच्या ओळीत छापलंय. ते मार्गदर्शन जेमतेम पाच-सात मिनिटांचं होतं आणि उपाशीपोटी होतं, हे बातमीत नाही, म्हणून हे पत्र.

यंदा पौर्णिमा नेमकी १ मे रोजी, महाराष्ट्र दिनीच आली. पाहुण्यांचं सकाळी झेंडावंदन, मग कुठकुठली उद्घाटनं, मग आम्ही. पत्रिकेत दहाची वेळ होती. पंचशील ध्वज वेळेवर लागला, वंदना झाली, परित्राणपाठ (रक्षणासाठीच्या सुत्तांचं पठण) झाला आणि 'साहेब निघालेत, पोचतीलच' असं सांगून लाउडस्पीकरवर भीमगीतं लावली गेली. (भीमगीतं मलाही आवडतात, पण त्यांनी घड्याळ थांबत नाही.) आम्ही बायका पहाटेपासून चुलीपाशी होतो. वरण-भात, पोळ्या, वांग्याची भाजी आणि बुद्धांना ज्ञानप्राप्तीआधी खीर देणाऱ्या सुजातेच्या आठवणीची खीर. साडेअकराला मी ताट वाढायचं का म्हणून विचारायला गेले, तर एका कार्यकर्त्यानं लांबूनच हात केला, "ताई, पाहुणे येऊ द्या, सगळे सोबतच बसू." पाहुणे आले तेव्हा बारा वाजून गेले होते. खिरीवर जाड साय धरली होती.

भिक्खू मध्यान्हीनंतर जेवत नाही. हा एखाद्या भंतेजींचा हट्ट नाही, विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे, आणि त्यामागे माणसांचा विचार आहे. मज्झिमनिकाय या पाली ग्रंथात उदायी नावाचे थेर (ज्येष्ठ भिक्खू) सांगतात, पूर्वी भिक्खू रात्रीच्या काळोखातही भिक्षेला जात. कुणी चिखलात पडे, कुणी काटेरी कुंपणात अडके. एकदा एक बाई भांडं घासत होती, वीज चमकली आणि दारात उभे उदायी पाहून ती 'पिशाच्च आलं' म्हणून किंचाळली. लोकांना असा त्रास नको, भिक्खूंनाही नको. शिवाय पाण्याखेरीज काहीही, कुणी हातात किंवा पात्रात दिल्याशिवाय भिक्खू तोंडात घालत नाहीत. म्हणजे समोर पातेली भरलेली असली तरी उठून वाढून घेता येत नाही आणि 'मला वाढा' असं भंतेजी म्हणणारही नाहीत. वेळेची आठवण ठेवायची ती आपणच.

त्या दिवशी ती कुणी ठेवली नाही. भंतेजींनी गाळलेलं लिंबाचं सरबत तेवढं घेतलं. आणि एकटे भंतेजीच नव्हेत. आमच्यातल्या ज्या म्हाताऱ्या बायकांनी सकाळी अष्टशील (आठ नियमांचं व्रत) घेतलं होतं, त्यांनाही 'विकालभोजना', म्हणजे दुपारनंतरचं जेवण, वर्ज्य. पांढऱ्या लुगड्यात त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, वैशाखाच्या उन्हात, आणि त्यांच्यासमोरून सत्काराची ताटं जात होती. "एक दिवस चालतं हो," असं त्यांना सांगणारेही निघाले. सांगणाऱ्यांची जेवणं नंतर व्यवस्थित झाली.

माझं खरं दुःख वेगळंच आहे. भोजनदानानंतर भंतेजी आशीर्वादाची गाथा म्हणतात, 'इच्छितं पत्थितं तुय्हं खिप्पमेव समिज्झतु'. त्यात पुढे येतं, 'चन्दो पन्नरसो यथा'. तुमचे संकल्प पंधराव्या दिवसाच्या चंद्रासारखे पूर्ण होवोत. पौर्णिमेलाच ती ऐकावी अशी गाथा! दानच झालं नाही, तर गाथा कशाची? शेवटी 'भवतु सब्ब मंगलं' म्हणून भंतेजींनी आटोपतं घेतलं आणि निवेदकानं लगेच पुढच्या सत्काराचं नाव पुकारलं.

पाहुण्यांना थांबवलं तर त्यांचा मान जातो, असं मंडळातले लोक म्हणतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणींकडून हात जोडून त्रिशरण-पंचशील घेतलं. भिक्खूपुढे हात जोडणाऱ्या बाबासाहेबांपेक्षा मोठा पाहुणा कोणत्या विहारात येणार आहे?

अधिक ज्येष्ठामुळे यंदा आषाढी पौर्णिमा जुलैअखेर आहे. त्या दिवसापासून वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम), रोज संध्याकाळचं ग्रंथवाचन, आश्विन पौर्णिमेपर्यंत. मंडळांच्या पत्रिका छापायला जातील. तेव्हा एवढं करा. वंदना आणि धम्मदेसना (भंतेजींचं प्रवचन) सकाळी लवकर घ्या, अकराला भंतेजींचं आणि अष्टशील घेतलेल्यांचं भोजन उरका, पाहुण्यांची भाषणं त्यानंतर ठेवा. त्यांना उशीर झाला तर त्यांच्यासाठी खीर आम्ही झाकून ठेवू, त्यांना दुपारी खायला बंदी नाही.

आणि संपादक महोदय, तुमच्या 'आजचे कार्यक्रम' सदरात विहारांची माहिती छापताना देसनेची आणि भोजनदानाची वेळ आधी छापा. पाहुण्यांची नावं जागा उरली तर.

– एक उपासिका, उत्तर नागपूर