स्प्लिटर म्हणजे नळाचा टी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फायबरच्या इंटरनेटवर मराठीत काही लिहायचे झाले की स्प्लिटरला (एका फायबरमधला प्रकाश अनेक फायबरांत वाटणाऱ्या भागाला) नळाच्या टीची उपमा ठरलेली. वर्गातही बहुधा हीच सांगतात. एका नळीतले पाणी दोन नळ्यांत जाते, तसा प्रकाश दोन फायबरांत. एक्स्चेंजकडून घरांकडे जाताना हे चालून जाते. परत येताना मात्र ही उपमा साफ फसते, आणि हिशेब चुकतो तो तिथेच.

पेंच धरणातून नागपूरला येणारे पाणी एका फाट्यातून उलटे सोडले तर ते सगळे मुख्य नळीत उतरेल. प्रकाश तसा उतरत नाही. १:२ स्प्लिटरच्या एका फाट्यात १ मिलिवॉट सोडा, खोडात, म्हणजे एक्स्चेंजकडच्या एकट्या फायबरमध्ये, अर्धाच मिळेल. दुसरा फाटा अगदी रिकामा असला तरी. खोडाच्या वेव्हगाइडमध्ये (प्रकाश वाहून नेणाऱ्या अरुंद वाटेत) एकच मोड, म्हणजे लहरीचा एकच आकार, मावतो. एका फाट्यातून आलेली लहर मात्र दोन आकारांची बेरीज असते: एकात दोन्ही फाटे एकदमच वरखाली होतात, दुसऱ्यात एक वर असताना दुसरा खाली. पहिला आकार खोडात शिरतो. दुसऱ्याला तिथे जागाच नसते, तो भोवतालच्या काचेत विरतो. ३ डेसिबल, म्हणजे निम्मा प्रकाश, गेले. एकाचे बत्तीस करणाऱ्या १:३२ मध्ये असे पाच टप्पे असतात, म्हणून १५ डेसिबल जाताना आणि तेवढेच येताना. प्रत्यक्षात १७ धरून चालावे.

आता हिशेब मांडू. जीपॉनच्या (एका फायबरवर अनेक घरे जोडणाऱ्या पद्धतीच्या) बी प्लस या उपकरण-वर्गात एकूण २८ डेसिबल घट चालते. स्प्लिटरचे १७, घराकडून येणाऱ्या १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी १० किलोमीटर फायबरचे साडेतीन, चार कनेक्टरांचे दोन. उरले साडेपाच. मग कोणीतरी ‘जाता जाता’ वाटेत आणखी एक १:२ बसवतो. त्यातले साडेतीन संपले. त्यावर एखादा निळा कनेक्टर हिरव्यात खुपसलेला असला की संपलेच! हिरव्याचे टोक ८ अंशांत तिरके घासलेले असते, निळ्याचे नसते, त्यामुळे मध्ये हवेची फट राहते. घरी मीटर लावून फक्त उतरणारा १४९० चा प्रकाश मोजला जातो. चढणारा किती पोचतो, हे एक्स्चेंजच्या टोकालाही पाहायला हवे. तिथली मर्यादा उणे २८ डीबीएम (१ मिलिवॉटच्या २८ डेसिबल खाली) आहे.

एक खोड आणि दोन फाटे ही तीन दारे; परतीच्या वाटेवर वाया जाणारा अर्धा भाग वाचवायचा तर चौथे दार लागते. ते कपलरमध्ये असते. दोन वेव्हगाइड अगदी जवळ, समांतर नेले की एकातला प्रकाश हळूहळू दुसऱ्यात झिरपतो, पुढे पूर्ण तिकडे जातो आणि लांबी आणखी वाढवली तर परत येतो. एकाच सैल दोरीवर टांगलेल्या दोन लंबकांसारखे. पूर्ण पलीकडे जाण्याच्या निम्म्या लांबीवर थांबवले की दोन्हीकडे निम्मे निम्मे. यात काही हरवत नाही. मात्र दोन्ही तोंडांतून आलेले प्रकाश एकाच दारातून काढायचे तर ते एकाच तरंगलांबीचे आणि नेमक्या कलेत (लहरींचे चढउतार ठरावीक जुळणीत) हवेत. दोन घरांतले दोन लेसर तसे कधीच नसतात.

सिलिकॉन चिपवर हा कपलर बनवणे नाजूक काम आहे. वेव्हगाइड सुमारे ४५० नॅनोमीटर रुंद, २२० जाड, मधली फट २०० च्या आसपास. प्रकाशाची बाहेर डोकावणारी शेपटी फटीत झपाट्याने विरत असल्याने फट १० नॅनोमीटरने जरी चुकली तरी वाटणी ५०:५० राहत नाही. तरंगलांबी बदलली तरी तेच. म्हणून अनेकजण एमएमआय (मल्टिमोड इंटरफिअरन्स) घेतात: प्रकाश एकदम रुंद पट्टीत सोडायचा, तिथे अनेक मोड एकमेकांत मिसळतात आणि ठरावीक अंतरावर मूळ ठिपक्याच्या दोन प्रतिमा आपोआप उमटतात. तिथेच दोन फाटे लावायचे. ही रचना चुका बऱ्याच पोटात घालते, पण पट्टीची रुंदी सांभाळावी लागते. प्रतिमेचे अंतर रुंदीच्या वर्गाने बदलते, १ टक्का चूक म्हणजे अंतरात २ टक्के. साध्या, इंग्रजी वाय (Y) आकाराच्या फाट्याचे दुखणे वेगळे. त्याचे बेचके कागदावर टोकदार असते, कोरताना मात्र बोथट होते, आणि प्रकाश तिथे विखुरतो.

खांबावरच्या डब्यातल्या बोटाएवढ्या स्टीलच्या नळीत, म्हणजे स्प्लिटरमध्येही, अशीच चिप असते, फक्त सिलिकाची. तिच्या दोन्ही टोकांना फायबर खोबणीत बसवून अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या गोंदाने चिकटवलेले असतात. मेमध्ये नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, उन्हातल्या बंद डब्यात त्याहून बराच वर. पावसाळ्यात ओल. चिपला त्याचे काही वाटत नाही, गोंदाला वाटते. तक्रार आली की आधी घरांकडे जाणाऱ्या सगळ्या टोकांवरचा प्रकाश मोजा. सगळी सारखीच खाली आली असतील तर दोष येणाऱ्या बाजूला: तिकडचा गोंद, कनेक्टर किंवा त्यामागची केबल. कडेची टोके जास्त पडली आणि मधली ठीक असतील तर बाहेरच्या बाजूची फायबरपट्टी तिरकी झाली आहे, नळीच बदला. एकच टोक पडले असेल तर स्प्लिटरला हात लावू नका, त्या घराची वायर आणि कनेक्टर तपासा.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर