ताईला इतक्यात घरी आणायचं नाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "आता हात थरथरत नाहीत, दोन वेळा जेवते, मग व्यसनमुक्ती केंद्रात कशाला ठेवायची? घेऊन ये कोल्हापूरला." नाही आणणार. रागावू नका.

हात थांबले म्हणजे अंगातली दारू उतरली, एवढंच. रोजची दारू एकदम तुटली की पहिले तीन-चार दिवस जिवावरचे असतात. फिट येते, भास होतात. म्हणून डॉक्टर नजरेखाली ठेवतात, बी-१ जीवनसत्त्व देतात. ते पार पडलं. पण दिवेलागणीला तिचं मन जिकडे ओढतं, त्यावर नुसती गोळी पुरत नाही. त्यासाठी गटात बसायचं, समुपदेशकांशी बोलायचं, ते आत्ता कुठे सुरू झालंय. त्या स्टीलच्या बाटलीबद्दल ती परवा स्वतःहून बोलली. आई, तीच गं, कामाला जाताना पर्समध्ये असायची ती. वर वेलदोडा चघळायची.

आई, दारू सोडवायची म्हणून जेवणात गुपचूप घालायची ती पूड मात्र आणू नकोस. त्यात काय घातलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डायसल्फिरामसारखं, दारू सोडवायला देतात ते औषध असलं आणि वर दारू पोटात गेली, तर जीवावर बेतू शकतं. डॉक्टरसुद्धा ते रुग्णाला सांगूनच देतात.

धाकट्या काकांना व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं तेव्हा अख्ख्या पेठेला माहीत होतं. तालमीतली पोरं भेटून आली. ताई मात्र "पुण्याला ट्रेनिंगला गेलीय"! बाईची दारू झाकायची, म्हणून उपचारही उशिरा. वर बाईच्या अंगात पाण्याचा अंश कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूनं तिचं लिव्हर पुरुषाच्या आधी बिघडतं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं, त्यांनीही पुढे बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढलाच की. पुरुषांच्या गटात बसून बाई सासरचं काय बोलणार, कप्पाळ!

शेजारी विचारलं तर "उपचाराला गेलीय" म्हणा. पुढचं सांगायला आपण बांधील नाही. ओवीला मात्र खोटं सांगू नका. आईला आजार आहे, ती बरी व्हायला गेलीय, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही, हे तिला रोज ऐकू दे.

बाबा, पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवलेली बाटली मोरीत ओता. कुणाला देऊ नका, ओताच. आई, तुझं दशमूलारिष्टही हलव. अरिष्ट मुरताना त्यात अल्कोहोल तयार होतं. गुडघ्यांसाठी दुसरं काहीतरी वैद्यांना विचारू.

शनिवारी कुटुंबीयांची बैठक आहे, दोघांनीही यायचं. सकाळची एसटी धरा, मी स्वारगेटला येतो. ओवीला काकूकडे ठेवा. ताईसमोर रडू आलं तर रडा, पण "काय कमी केलं होतं तुला?" हे तेवढं विचारू नका, बाबा. ती हेच विचाराल म्हणून घाबरलीय.

तुमचा,
बाळू